बांधीतली बेरीज

आषाढ निम्मा उलटला की माझ्या पोटऱ्या दुखायला लागतात. डॉक्टर म्हणतात, वयाचं आहे. मी मान डोलावते, पण मला ठाऊक आहे की ते रोवणीचं आहे. चंद्रपुरात तिसऱ्या मजल्यावर राहते मी. खाली सिमेंटचा रस्ता, समोर दुसऱ्या इमारतीची भिंत, चिखल औषधालाही नाही. तरी तिकडे सावली तालुक्याच्या बाजूला धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, पाण्यानं भरल्या की माझ्या पायांना निरोप पोचतो. मग दोन-तीन आठवडे मी तिळाचं तेल लावून पाय चोळत बसते आणि उगाचच खूश असते.

गेल्या रविवारी अशीच बसले होते, तर पुतणीची मुलगी आर्या शेजारी लॅपटॉप घेऊन आली. तिचा एक खेळ आहे. त्यात जिंकणं-हरणं नाही. एक मोकळं मैदान देतात आणि सांगतात, बांधा काय बांधायचं ते. लहान लहान चौकटी मिळतात, त्यांना ती गेट म्हणते. एका गेटाला तार जोडायची, ती दुसऱ्याला न्यायची, टोकाला दिवा लावायचा. आर्याला बेरीज करणारं यंत्र बनवायचं होतं. एक बटण दाबलं की बरोबर दिवा लागे, दोन्ही दाबली की चुकीचा. तासभर ती ओठ चावत बसली होती. मी चष्मा लावून पडद्याकडे पाहिलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं,

"अगं, इथे तुझी गिरजाबाई राहिली."

"कोण?"

कोण ते सांगायला मला रोवणीतच जावं लागलं.

शहाऐंशी-सत्त्याऐंशीचा सुमार असेल. मी नागपूरला पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकत होते. आमच्या वस्तीतून नागपूरला शिकायला गेलेली पहिली मुलगी. मी निघाले त्या दिवशी विहारात सगळ्यांना बसवून माझं नाव घेतलं होतं, आणि आईनं नवं लुगडं नेसून ते ऐकलं होतं. त्या उन्हाळ्यात निकाल लागला आणि डिजिटलच्या पेपरात मी नापास झाले. घरी सांगितलं नाही. "सुट्टी आहे," म्हणाले. नोव्हेंबरात तो पेपर पुन्हा द्यायचा होता. तोही गेला असता तर पुढचं वर्ष बंद होतं, आणि विहारात घेतलेल्या माझ्या नावाचं काय करायचं, हे मला कळत नव्हतं.

नापास होण्याचं कारण सोपं होतं. मी पाठ केलं होतं. वर्गातल्या किटवर चार-चार जण आणि बटणांशी कायम मुलंच. मी मागून टाचा उंचावून बघायची. दोन्हीकडून 'हो' आलं तरच 'हो', ते अँड गेट. कुठूनही एक 'हो' आलं तरी 'हो', ते ऑर. आणि नॉट म्हणजे आलं त्याच्या उलट. इतकं तोंडपाठ होतं. पण ती तिन्ही एकमेकांना जोडून बेरीज कशी होते, असा प्रश्न आला आणि माझं डोकं कोऱ्या कागदासारखं झालं.

घरी आले तर रोवणी ऐन भरात. मोठीआईनं मला उंबऱ्यावरच अडवलं. मोठीआई म्हणजे माझ्या मोठ्या काकांची बायको, कौसल्याबाई. गावातल्या सतरा-अठरा बायांच्या रोवणीच्या टोळीची ती म्होरकी. आज हिच्या बांधीत, उद्या तिच्या, असं सगळ्या मिळून एकमेकींचं शेत रोवायच्या.

"बॅग ठेव अन् चाल," ती म्हणाली. "पऱ्हे मोठे होऊन राह्यले. दोन हात कमी पडून राह्यले मले."

पऱ्हे म्हणजे धानाची रोपं. वेळेत उपटून रोवली नाहीत की जातात हातची.

गुडघ्याच्या वर पदर-पातळ खोचून, डोक्यावर प्लास्टिकचा तुकडा बांधून, ओळीनं मागं मागं सरकत आम्ही रोवायचो. पऱ्ह्यांचा तो हिरवा, जरासा कडवट वास. बोटं चिखलात शिरतानाचा 'चुळुक' आवाज, अठरा जणींचा एकदम. कोणीतरी ओळ उचलायची, बाकीच्या ती पुरी करायच्या. मी मात्र गाण्याच्या जागी पुटपुटत असे. शून्य-शून्य शून्य, शून्य-एक शून्य, एक-शून्य शून्य, एक-एक एक.

चौथ्या दिवशी मोठीआई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "शाले, मंत्र म्हणून राह्यली का वो तू? तीन दिवस झाले, धानाले काही सांगून राह्यली."

सगळ्या हसल्या. आणि मला, का कोण जाणे, रडू फुटलं. चिखलाच्या हातांनी डोळे पुसले तर डोळ्यांत चिखल गेला आणि अजूनच रडू आलं. मग त्या हिरव्या-करड्या पाण्यात उभी राहून मी सगळ्यांसमोर सांगून टाकलं. नापास झाले. आई ओळीच्या दुसऱ्या टोकाला होती. तिनं हातातली पेंडी खाली ठेवली.

मोठीआईनं विचारलं, "किती विषय होते?"

"सहा."

"अन् नापास कितीत?"

"एकात."

"मंग पाचात पास हायेस ना वो बाई! मी तं म्हटलं, कोणाचं काही बरं-वाईट झालं." ती आईकडे वळली. "पाहून राह्यली का? पाच विषय पास झाली पोरगी अन् आपल्याले सांगतलं बी नाई."

आई चिखल तुडवत आली, माझ्या डोळ्यांतला चिखल तिनं पदराच्या कोरड्या टोकानं काढला आणि एवढंच म्हणाली, "काऊन लपवलं?" त्यात राग नव्हता. तेवढ्यानं माझ्या छातीवरचं काहीतरी उतरलं ते आजतागायत पुन्हा चढलेलं नाही.

दुपारी धुऱ्यावर, म्हणजे बांधीच्या बांधावर, बसून भात आणि तरोट्याची भाजी खाताना मोठीआई म्हणाली, "आता सांग, त्या एकात हाय तरी का?"

मी काडीनं चिखलात चौकटी काढल्या. तिला चौकटी पटेनात. तिनं समोर बोट दाखवलं. बोडीचं, म्हणजे शेताजवळच्या लहान तळ्याचं, पाणी बांधीत यायला धुऱ्याला तोंडं पाडलेली असतात. "हे पाह्य, एकामागं एक दोन तोंडं. दोन्ही उघडली तरच पाणी येते. अन् तिकडं दोन तोंडं बाजू-बाजूले, त्यातलं एक उघडलं तरी बांधी भरते. हेच म्हणून राह्यली ना तू?"

मी बघत राहिले. दोन वर्षं वहीत जे होतं ते माझ्या मोठीआईनं भाताचा घास हातात धरून सांगितलं होतं.

"आणि तिसरं?" मी म्हणाले. "पाणी सोडलं की बंद, आणि नाही सोडलं की येणार?"

ती अडली. "असं कुठी होते का? नाई सोडलं तं पाणी येईन कुठून?"

तेवढ्यात धुऱ्याच्या टोकावरून आवाज आला, "काऊन नाई होत? होते!"

ती गिरजाबाई. पन्नाशीची, सुकलेल्या बाभळीसारखी. टोळीनं डावीकडून सुरू करू म्हटलं की तिला उजवीकडून हवं असे. आभाळ भरून आलं म्हटलं की ती म्हणे, छे, उघडणार. मीठ कमी आहे म्हणावं तर तिला खारट लागे. सगळ्या एकदम तिच्याकडे वळल्या, मग एकमेकींकडे, आणि मग असं हसू फुटलं की तान्हाबाईच्या नाकातून भात आला.

"सापडली!" मोठीआई म्हणाली. "पाण्याचा नांद सोड शाले. बाया लाव."

पहिली जुळणी त्याच दुपारी झाली. हातात पऱ्ह्यांची पेंडी, ती वर धरली की 'हो', खाली असली की 'नाही'. दोन जावा, मंदा आणि छबू, त्या आमची दोन बटणं. तान्हाबाई ऑर. तिचा स्वभावच तसा, कोणीही एकीनं काही म्हटलं की तिचं 'हो, हो'. आई अँड. दोघींच्या पेंड्या वर दिसल्याशिवाय ती हलायची नाही. आईच्या मागे गिरजाबाई, आईच्या उलट करायला. आणि शेवटी मोठीआई, तीही अँड, पण ती बघणार तान्हाबाईकडे आणि गिरजाबाईकडे.

मंदानं एकटीनं पेंडी उचलली. तान्हाबाईनं लगेच उचलली. आईनं नाही. म्हणून गिरजाबाईनं उचलली. मोठीआईनं दोघींकडे आळीपाळीनं बघितलं आणि सावकाश आपली पेंडी वर केली. एक आणि शून्य, एक. मग मंदा आणि छबू दोघींनी उचलल्या. तान्हाबाई वर, आई वर, गिरजाबाईची पेंडी दाणकन खाली, आणि मोठीआईचीही खाली. उत्तर सांगणाऱ्या दोघींत वर राहिली एकटी आई.

"हे का झालं?" मोठीआई म्हणाली. "एक अन् एक दोन पाह्यजे. मी तं खाली."

मी सांगायचा प्रयत्न केला. तुझी पेंडी एकाची, आईची दोनाची. पुढं कोणी असती तर तिची चाराची, मग आठाची. मोठीआईनं बोटांवर मोजलं. मग तिनं मांडीवर थाप मारली. "अवो, हे तं अदपाव-पाव-अर्ध्यासारखं हाय! दोन अदपाव झाले की अदपावाचं माप रिकामं, अन् पाव भरलं. बस?"

बस. एवढंच होतं. मी एकटीच टाळ्या वाजवत होते आणि माझ्या टाळ्यांतून चिखल उडत होता.

त्यानंतर रोज जेवणानंतर घटकाभर हा खेळ. बायकांना चटकच लागली. एकेकीची बेरीज पुरेना, मोठ्या आकड्यांची हवी झाली. तीनापर्यंतचे कोणतेही दोन आकडे मिळवायचे तर मला सतरा जणी लागत होत्या आणि त्यातल्या तिघी गिरजाबाईसारख्या. "एक गिरजा गावाले पचून नाई राह्यली," तान्हाबाई म्हणाली, "अन् तुले तीन पाह्यजेत!" मग गिरजाबाईनंच दोघींना तयार केलं. ती त्यांना धुऱ्यावर उभं करून शिकवी, "पुढचीचं तोंड पाहू नोका, हात पाहा. तोंड पाह्यलं का दया येते." इतकी गंभीर असायची ती या कामात. रोवताना मात्र मध्येच थांबून पूर्वेकडे, नदीपलीकडच्या आभाळाकडे बघत राहायची.

तिचं बघणं मला आईनं समजावलं. गिरजाबाईची एकुलती मुलगी वनिता भामरागडच्या बाजूला दिली होती. जावई तिकडच्या शाळेत मास्तर. वनिताला दिवस भरत आले होते आणि पावसानं तिकडचे रस्ते बंद. नद्या चढल्या की त्या गावांना ना पत्र जातं, ना तिकडून येतं. पाच आठवडे झाले, काही खबर नव्हती. "मुळातच उलटी बाई," आई म्हणाली, "पण यंदा जास्तच. कोणी म्हटलं का सगळं बरं होईन, तं तिले धसका बसते. म्हणून ती आधीच नाई म्हणते."

त्या दिवसापासून गिरजाबाईची पेंडी खाली जाताना मी हसू शकले नाही.

रोवणीच्या शेवटच्या दिवशी आमच्याकडे बाया चिखल खेळतात. धन्यापासून बैलापर्यंत कोणी सुटत नाही. त्याआधी मोठी बेरीज करायचं ठरलं होतं, तीन आणि दोन. सकाळीच सगळ्या जागेवर उभ्या. फक्त गिरजाबाई नव्हती. ऊन पडलं होतं, आठवड्यानं पहिल्यांदा, आणि रोवलेल्या बांध्यांत ढग उलटे दिसत होते. मग ती धुऱ्यावरून पळत येताना दिसली. पन्नाशीची बाई, पातळ वर धरून, चपला हातात घेऊन पळत होती.

"पोरगी झाली!" ती लांबूनच ओरडली. "वनिताले पोरगी झाली! बारा दिवस झाले! पाणी उतरलं तिकडचं, एटापल्लीहून माणूस आला चिठ्ठी घेऊन! दोघी बऱ्या हायेत वो, दोघी!"

मग जे झालं ते मला ओळीनं सांगता येणार नाही. कोणीतरी तिला उचललं. कोणीतरी रडलं. चिखलाचा पहिला गोळा मोठीआईनं मारला, एवढं नक्की.

"उभ्या राहा, उभ्या राहा," शेवटी मोठीआई म्हणाली, "आधी बेरीज."

सतरा जणी उभ्या राहिल्या, मी समोर धुऱ्यावर. तीन आणि दोनाच्या पेंड्या वर गेल्या. हात उठले, हात पडले, बांधीभर हिरवी लाट पसरत गेली आणि शेवटच्या तिघींपाशी थांबली. डावीकडची वर, मधली खाली, उजवीकडची खाली.

"चार," मी म्हणाले. "तीन आणि दोन चार झाले."

मी ओळीनं मागं मागं तपासत गेले. आईची पेंडी खाली. मग गिरजाबाईची वर हवी. तिचीही खाली. ती आईकडे बघून नुसती हसत होती.

"गिरजाबाई, उलट करा ना! आईची खाली आहे."

"शालू," ती म्हणाली, आणि तिचा आवाज मी कधी ऐकला नव्हता इतका मऊ होता, "आज मले कोणाच्याच उलट जावंसं वाटून नाई राह्यलं."

मोठीआईनं हाक दिली, "शाले, तू उतर. तू घे तिची जागा. गिरजे, तू धुऱ्यावर बस आज."

मी बांधीत उतरले आणि आईच्या मागे उभी राहिले. पुन्हा पेंड्या वर गेल्या. आईची खाली राहिली, आणि माझा हातही आपोआप खालीच राहू पाहत होता. तेव्हा मला कळलं, हा हात जन्मभर असाच वागला आहे. पुढच्याचं बघून. सर म्हणाले ते उतरवून घेतलं, वहीत होतं ते पाठ केलं. मी हात उचलला. वर, कानाला लागेल इतका वर. पेंडीतलं पाणी ओघळून कोपरापर्यंत आलं. माझ्या मागून मोठीआईची पेंडी वर गेली, आणि धुऱ्यावरून गिरजाबाई मोजायला लागली, "हे चार... हे नाई... हे एक... पाच! पाच झाले वो माय! पाच!"

आणि तिनं स्वतःलाच बांधीत झोकून दिलं. त्या दिवशी चिखलातून बाहेर आलेल्या अठरा जणींत कोण कोणाची सासू ते ओळखता येत नव्हतं.

नोव्हेंबरात परीक्षेला बसले. बेरजेचा प्रश्न आलाच, वेगळ्या रूपात, थोडा वाकडा करून. मी आकृती काढता काढता हसले असणार, कारण पर्यवेक्षक बाई येऊन माझ्या बाकाखाली कागद शोधून गेल्या. त्यांना काय सापडणार? माझ्या कॉप्या तिकडे धानाची कापणी करत होत्या.

मी पास झाले. पुढं शिकले, नोकरी केली, बरीच वर्षं मुलामुलींना हाच विषय शिकवला. हे सगळं आर्याला सांगेपर्यंत तिचा चहा गार झाला होता. तिनं पडद्यावर एक नॉट गेट ओढून आणलं, दोन्ही बटणं दाबली आणि बरोबर दिवा लागला. "आजी," तिनं विचारलं, "मग त्यांना तू सांगितलंस का, पास झालीस ते?"

सांगितलं ना. निकाल लागला त्याच आठवड्यात गावी गेले. धान निघून गेलं होतं आणि त्याच बांध्यांत आता लाखोळीचं कडधान्य उभं होतं, निळ्या-जांभळ्या फुलांचं. मोठीआई एकटीच वाकून कोवळी भाजी खुडत होती. मी पास म्हटल्यावर तिनं नुसती मान हलवली, जणू हे तिला आधीच कोणी कळवलं होतं. मग मी पर्समधून कागदाची पुडी काढली आणि नागपूरहून आणलेली एक चिप तिच्या तळहातावर ठेवली. काळी, नखाएवढी, दोन्ही बाजूंना मिळून चौदा चकचकीत पाय.

"हे का हाय? गोम?"

"याच्यात चौघी आहेत," मी म्हणाले. "तुझ्यासारख्या. दोघींचे हात वर दिसल्याशिवाय हात न उचलणाऱ्या."

तिनं ती डोळ्यांजवळ नेली. कानाशी धरली. "एवढ्याशात चौघी?"

"चौघी. दिवसभर, न थांबता."

"अन् जेवतात कवा?"

मोठीआई थोडा वेळ तळहाताकडे बघत राहिली. ऊन चढलं होतं, काळं प्लास्टिक तापायला लागलं असावं. तिनं भाजीची ओंजळ धुऱ्यावर ठेवली, दुसऱ्या हातानं पदर ओढला आणि तळहातावर सावली धरली.

"बसू दे त्यायले जराशा," ती म्हणाली, आणि आम्ही दोघी धुऱ्यावर टेकलो.